देवणीचा कान: एका चित्रपानाचं प्रकरण

काम असं होतं. मुलांसाठी एक माहितीपर चित्रपुस्तक, विषय मराठवाड्यातली पाळीव जनावरं: देवणी आणि लाल कंधारी ही गाईगुरं, उस्मानाबादी शेळी, दख्खनी मेंढी आणि मराठवाडी म्हैस. प्रत्येक जातीला समोरासमोरची दोन पानं, उघडल्यावर ए-3 आकार. प्रकाशक पुण्याचा, चित्रकार उदगीरची, पानांची मांडणी लातुरात माझ्याकडे. चित्रकाराचं नाव इथे देत नाही, तिचीच तशी इच्छा आहे. हे टिपण फक्त देवणीच्या पानाचं आहे. बाकीच्या पानांची पद्धत, दर, करारातली कलमं, सगळं या एका पानामुळे बदललं.

तिच्याबद्दल थोडं. संभाजीनगरला कलाशिक्षण झालं, मग गावी परतून स्वतंत्र काम. लग्नपत्रिका, गाइडांमधल्या आकृत्या, पशुखाद्याच्या पोत्यावरचे टपोरे बैल, बियाण्यांची पोस्टरं. हात तयार आहे, त्याबद्दल शंका नाही. रोज सकाळी टॅब्लेटवर एक प्राणी काढायचा असा तिचा रियाज होता. वाघ, हत्ती, बिबट्या, कधी गरुड. मोबाइलवर फोटो उघडायचा, बाजूला कॅनव्हास, तासाभरात चित्र. चित्रं देखणी असायची. मला मात्र त्यातला एकही वाघ जमिनीवर उभा आहे असं वाटलं नाही. पंजाखाली सावली असूनही अंगाचं वजन खाली उतरलेलं नसायचं. फोटो बघून काढणाऱ्या बहुतेकांच्या चित्रात हे दिसतं.

देवणीचं पान जरा किचकट आहे. या जातीत रंगावरून तीन प्रकार मानतात. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या. बालंक्या म्हणजे अंग पांढरं आणि पोटाच्या खालच्या बाजूला काळे ठिपके. शेवरा म्हणजे पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग. तिन्ही एका पानावर दाखवायचे होते. तिने इंटरनेटवरचे फोटो जमवले, त्यांवरून रेखाटनं केली, रंगवली, पाठवली. प्रकाशकाकडून लगेच होकार आला, कौतुकही आलं. पान माझ्याकडे मांडणीला आलं आणि मजकुराच्या जागा ठरल्या.

डागांची वर्णनं बरोबर आहेत ना, एवढंच विचारायला ती देवणी तालुक्यातल्या एका वळू सांभाळणाऱ्या मामांकडे गेली. चित्र दाखवायचा तिचा बेत नव्हता. मामांनीच मागितलं. टॅब्लेट लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "झकास काढलाव ताई. पण ही देवणी न्हाई. गीरचे कान लावलाव तिला." मग शिंगांवर बोट ठेवलं. मग कपाळावर. मग पुठ्ठ्यावर, म्हणजे जनावराच्या मागच्या भागावर, आणि म्हणाले, "मागून उपाशी हाय का ही?"

मामांचं म्हणणं तपासून पाहण्यासारखं होतं, कारण गीर या गुजरातकडच्या गाईच्या जातीचा आणि देवणीचा संबंध खरा आहे. देवणी ही गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून घडलेली जात मानली जाते. दोघींचे कान लोंबते, कपाळ पुढे आलेलं. पण गीरचं कपाळ घुमटासारखं फुगीर असतं, देवणीचं त्या मानाने बेताचं. गीरची शिंगं खाली-मागे वळून मग वर येतात. देवणीची डोक्याच्या बाजूंनी बाहेर निघून वर वळतात. आणि गीरचा कान दुमडलेल्या पानासारखा असतो, टोकाजवळ खाच असलेला. देवणीचा कान लांब आणि लोंबता असला तरी त्याला ती दुमड नाही, टोक फक्त जरा वळलेलं. चित्रातल्या तिन्ही जनावरांना खाचेचे कान होते. जमवलेल्या फोटोंपैकी काही देवणी म्हणून चढवलेले, पण भलत्याच जनावरांचे निघाले. तिने चारपाच फोटोंमधून जे सर्वांत ठसठशीत दिसलं ते उचललं होतं, आणि ठसठशीत तर गीरच दिसते.

मागून उपाशी असण्याचं कारण वेगळं आहे आणि ते सगळ्यांनाच लागू पडतं. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा रुंद कोनाचा असतो, त्यामुळे जनावर चौकटीत भरायला माणूस जवळ जातो. गाईचं तोंड तुमच्यापासून एक मीटरवर असेल तर पुठ्ठा अडीच मीटरच्या आसपास असतो. म्हणजे पुठ्ठ्याच्या तुलनेत डोकं अडीचपट मोठं दिसतं. तेच जनावर सहा मीटरवरून पाहिलं तर हा फरक साधारण सव्वापटीवर येतो. विकायला काढलेल्या जनावरांचे फोटो असेच जवळून, तोंडासमोर उभं राहून काढलेले असतात. त्यावरून बाजूने दिसणारं जनावर रचायला गेलं की डोकं मोठं आणि मागचा भाग आटलेला होतो. डोळ्याला ते खटकत नाही, कारण आपल्याला आता फोटोतलीच गाय ओळखीची झाली आहे. मामांना खटकलं.

प्रकाशकाने होकार दिला होता, पैसेही ठरल्याप्रमाणे मिळाले असते. पान बदलायचा निर्णय तिचा. मला तो पटला, पण एवढ्यासाठी नाही की चूक छापली गेली असती. पुस्तक वाचणारी अर्धी मुलं लातूर-नांदेडकडची असणार, त्यांच्या दावणीला हेच जनावर असणार. पुण्यातल्या मुलाला फसवता आलं असतं, निलंग्याच्या नाही.

मग हाळी-हंडरगुळीचा बाजार. उदगीर तालुक्यातला हा जनावरांचा आठवडी बाजार आसपासच्या जिल्ह्यांत आणि पलीकडे कर्नाटकातही ओळखीचा आहे. रेखाटनासाठी याहून चांगली जागा नाही, एका साध्या कारणासाठी: जनावरं बांधलेली असतात. बांधलेलं जनावर हलतं, पण त्याच चारपाच ठेवणींत फिरून येतं. एका पानावर पाच रेखाटनं एकदम सुरू करायची; गाय मान फिरवते तेव्हा दुसऱ्यावर जायचं, परत आली की पहिल्यावर. पाठकोरे कागद, खालती पुठ्ठ्याचा पॅड, बॉलपेन. पेन्सिल तिने मुद्दाम नेली नाही. खोडायची सोय असली की हात पहिल्या रेषेत अडकतो. टॅब्लेटवर तर अन्डू, म्हणजे काढलेली रेषा मागे घ्यायची सोय, दोन बोटांच्या टिचकीवर असतो, आणि माझ्या मते रेखाटनाच्या सवयीला त्याने जेवढं नुकसान केलं तेवढं दुसऱ्या कशानेच केलेलं नाही.

पहिल्या फेरीची रेखाटनं मी पाहिली आहेत. सुरेख आहेत आणि निरुपयोगी आहेत. रेषा लयदार, वशिंडाचा उठाव छान, पण त्यावरून देवणी कोणती आणि लाल कंधारी कोणती हे सांगता येणार नाही. नंतरच्या रेखाटनांत रेषा ओबडधोबड होत गेल्या आणि शेजारी अक्षरं वाढत गेली. "कानाचं टोक जबड्याच्या रेषेपर्यंत." "मान खाली घातली की खांद्याचं हाड पाठीच्या वर येतं." "पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी) दोन पायांच्या मधे संपत नाही, मागे जाते." कानाच्या टोकाचे तर पानच्या पान भरले आहेत. बाजारात बसून असा एकच प्रश्न घेऊन रेखाटत राहणं हा तिच्या रियाजातला खरा बदल. नुसतं रोज एक प्राणी काढून हात चालता राहतो, एवढंच.

शरीररचनेचं काही तिथेच उलगडलं. गुरांना गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला स्नायूंनीच बांधलेले असतात आणि धड त्यांच्या मधे टांगलेलं असतं. म्हणून एका पायावर भार गेला की त्या बाजूचं खांद्याचं हाड वर सरकतं, दुसरं खाली राहतं. हे पुस्तकात वाचून कळतं, पण हातात येतं ते गाय भार बदलताना बघूनच. तसंच, पुढच्या पायाचा जो गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट आहे, आणि मागच्या पायाचा मागे वळलेला कोन म्हणजे टाच. पशुखाद्याच्या पोत्यांवरचे बैल पाहिले तर हा कोन नेहमी फार खाली काढलेला दिसतो. आणखी एक: गाय उठताना आधी मागचा भाग उचलते, घोडा आधी पुढचा. तिने बसलेल्या गाईचं उठणं टिपलं होतं. ते या पानावर आलं नाही, पण माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे काढताना उपयोगी पडलं.

बाजारात बाईमाणूस कागद घेऊन बसली की गर्दी होणारच. सुरुवातीला तिला त्याचा त्रास झाला. पण गर्दीतली माणसं रेखाटन वाचतात, आणि चित्र म्हणून नव्हे, जनावर म्हणून वाचतात. "ही किती दाती?" असं एकाने विचारलं. आदत (दुधाचे दात असलेलं), दोन दाती, जुळलेलं (सगळे पक्के दात आलेलं) हे दातांवरून ठरणारं वय चित्रातून कळायला हवं अशी त्याची साधी अपेक्षा होती. चित्रात दात नव्हतेच. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं: कालवडीची मान, पोळी, वशिंड आणि जुळलेल्या गाईची मान, पोळी, वशिंड एकसारखी नसतात. तिच्या पहिल्या चित्रात तीन जनावरांना तीन वयांचे अवयव लागले होते. एका दलालाने तर खांद्यावरून बघत, रुमालाखाली दुसऱ्याची बोटं दाबून सौदा चालू असतानाच, "मागचे खूर जरा फाकव" असा सल्ला दिला. बरोबर होता.

आता रचना. प्रकाशकाला तक्त्यासारखी मांडणी हवी होती: तीन जनावरं, तिन्ही बाजूने, एकाखाली एक. शाळेतल्या भिंतीवर लावायला ठीक आहे. तिच्या मनात अजिंठा होता. पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं आणि त्या चौघांना मिळून एकच डोकं कोरलेलं आहे. कोणत्याही शरीराकडून पाहिलं तरी डोकं त्याचंच वाटतं. कलाशिक्षणाच्या काळात तिने ते रेखाटलं होतं आणि तीन गाई अशाच एकमेकींत गुंतवाव्यात असं तिला वाटत होतं. इथे ते जमणार नव्हतं. वानेरा तोंडावरूनच ओळखायचा, मग तोंड सामाईक कसं ठेवणार? पण त्या विचारातूनच वाट निघाली: कोण कसं उभं राहील हे डागांनी ठरवायचं. वानेरा पाऊण तोंड आपल्याकडे करून पुढे. बालंक्याचे ठिपके पोटाखाली, म्हणून तो पूर्ण बाजूने आणि नजर खालून. शेवऱ्याचे डाग कुशीवर आणि पुठ्ठ्यावर, म्हणून तो पाठमोरा, तिरका. बाजारात खाली बसून रेखाटल्यामुळे नजरेची पातळी आपोआप खाली आली होती. सात-आठ वर्षांच्या मुलाला गाय तिथूनच दिसते, हे प्रकाशकाला पटलं आणि तक्ता सुटला.

डिजिटल रंगकामात अडचण आली ती काळ्याची. तिची नेहमीची पद्धत अशी: आधी पूर्ण जनावर पांढरं धरून उजेड-सावली रंगवायची, मग वेगळ्या लेयरवर काळे डाग काढून तो लेयर मल्टिप्लायवर, म्हणजे खालच्या रंगात मिसळून तो गडद करणाऱ्या पद्धतीवर, टाकायचा. झटपट होतं, डाग हवे तसे हलवता येतात. पण डाग कापडाचे तुकडे शिवल्यासारखे दिसत होते. उजेडात राखाडी, सावलीत एकदम मेलेले. कारण पांढरं अंग आणि काळं अंग आकार वेगळ्या तऱ्हेने सांगतात. पांढऱ्यावर गोलाई कळते ती उजेडाकडून सावलीकडे जाणाऱ्या मधल्या छटांमधून. काळ्यावर त्या छटा दिसतच नाहीत. तिथे गोलाई कळते चकाकीतून, केसांवर पडलेल्या आभाळाच्या निळसर तुकड्यांतून.

याचं उत्तर तिच्याच जुन्या वहीत निघालं. सप्टेंबर 2022 मध्ये लम्पी रोगामुळे राज्यात जनावरांचे बाजार बंद झाले होते. तेव्हा तिने घरच्या उस्मानाबादी शेळ्या काढल्या होत्या. ही शेळी बहुतेक काळीच असते. त्या वहीत तिने काळा रंग भरलेलाच नव्हता. फक्त चकाकीचे आकार काढून बाकी कागद पेनने काळा केला होता. तेच इथे केलं. डागांचा लेयर मल्टिप्लायवरून साध्यावर आणला, गडद तपकिरीकडे झुकणारा काळा दिला, आणि वर वेगळी चकाकी रंगवली: पाठीवर निळसर, कुशीवर जवळजवळ नाही. मग डाग कातडीवर बसले.

पांढऱ्याचंही थोडं सांगायला हवं, कारण तिथे बहुतेक जण पांढरा रंग ओततात. आपल्या वशिंडवाल्या गुरांची कातडी गडद असते आणि केस आखूड. त्यामुळे डोळ्यांभोवती, नाकपुडीपाशी, मांडीच्या आत पांढरा रंग निळसर राखाडी दिसतो. आणि जमिनीचा उजेड पोटावर पडतो. काळ्या रानात उभ्या गाईचं पोट गडद दिसतं; बाजाराच्या फिकट धुळीत तीच गाय खालून उजळते. बालंक्याचे ठिपके पोटाखालीच असल्याने तिने त्याला धुळीत उभं केलं. काळ्या शेतात तो केला असता तर ठिपके सावलीत गेले असते.

केसांचे तयार ब्रश विकत घेऊन अंगभर केस काढण्याचा मोह तिने टाळला. पूर्ण जनावर दिसेल एवढ्या अंतरावरून देवणीचा एकेक केस दिसत नाही. केस दिसतात ते कडांना: कानाच्या आत, शेपटीच्या गोंड्यात, शिंगांच्या मधे. तेवढेच काढले.

छपाईचा एक मुद्दा माझ्या बाजूचा. ए-3 पान 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरले तर, 4961 बाय 3508 पिक्सेल होतं. तिच्या टॅब्लेटवर एवढ्या कॅनव्हासला लेयरची मर्यादा लवकर गाठली जाते, म्हणून पार्श्वभूमी वेगळ्या फाइलमध्ये करून मी मांडणीत जोडली. छपाईच्या चारही शाया (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) भरभरून वापरलेला काळा ऑफसेट छपाईला चालत नाही. चौघींची टक्केवारी मिळून एकूण शाई साधारण 300 टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, नाहीतर कागद लवकर सुकत नाही आणि समोरच्या पानाला डाग पडतो. समोरासमोरच्या पानांवर मोठे काळे डाग असलेल्या जनावराला हे फारच महत्त्वाचं. तिच्या तपकिरी काळ्यामुळे अर्धं काम आधीच झालेलं होतं.

नवं पान घेऊन ती मामांकडे पुन्हा गेली. कानांबद्दल ते काही बोलले नाहीत. शेवऱ्याकडे बघत मात्र, "हा कुणाचा हाय?" असं विचारलं. शेवऱ्याचे डाग दोन जनावरांत सारखे नसतात, त्यामुळे तिने बाजारातल्या एका खऱ्या गाईचेच डाग घेतले होते. मालक कोण ते मामांनी अंदाजाने सांगितलं. तो अंदाज बरोबर निघाला की नाही हे तिने तपासलं नाही.

पैशाचा भाग राहिला. बाजाराच्या फेऱ्या आणि दुसऱ्यांदा केलेलं पान हा खर्च तिचा तिनेच सोसला. करारात प्रकाशकाने मागितलेल्या दुरुस्त्यांचाच उल्लेख होता आणि प्रकाशकाने एकही मागितली नव्हती. पुढच्या चार जातींसाठी तिने दरपत्रकात "प्रत्यक्ष निरीक्षण व रेखाटन" अशी वेगळी ओळ घातली. प्रकाशकाने आधी खळखळ केली, जमवलेल्या फोटोंवरून का होत नाही असं विचारलं. तिने दोन्ही पानं शेजारी ठेवून पाठवली. ओळ मंजूर झाली, रक्कम थोडी घासाघीस होऊन.

दुसरी दुरुस्ती हक्काची होती आणि ती मी आग्रहाने करायला लावली. स्वतंत्र चित्रकारांपैकी पुष्कळांना वाटतं की काढलेल्या चित्राचा कॉपीराइट आपोआप आपलाच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 मध्ये अपवाद आहेत: मोबदला देऊन कुणी सांगून करवून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते करवून घेणारा असतो. म्हणून आता लेखी आहे की प्रकाशकाला या पुस्तकापुरता वापराचा हक्क, कॉपीराइट चित्रकाराकडे, आणि बाजारातली रेखाटनं कराराच्या पूर्ण बाहेर. हक्क किती काळासाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी हेही लिहून घेतलं. ते लिहिलं नाही तर कायदा हक्क दिलेल्याला पाच वर्षं आणि भारतभर असं धरतो.

लाल कंधारीचं पान त्यानंतर लवकर झालं. एकरंगी गडद लाल अंग, डोळ्यांभोवती काळी कडी. डागांची भानगड नाही, आणि प्रश्न घेऊन बसायची सवय लागलेली. शेळी तिच्या वहीत तयारच होती. मेंढीच्या लोकरीवर सध्या आमचं दोघांचं एकमत नाही. मला ती फार मऊ वाटते. म्हशीचं पान बाकी आहे. मराठवाडी म्हशीची शिंगं लांब, चपटी, मागे खांद्यापर्यंत जाणारी. ती समोरून काढली तर लांबी दिसत नाही आणि बाजूने काढली तर दोन्ही एकावर एक येतात. त्यासाठी म्हैस मान वळवून बघते ती ठेवण हवी आहे, आणि ती मिळेपर्यंत पानाची तारीख पुढे ढकलावी असं प्रकाशकाला कळवलं आहे.